मागच्या गल्लीतली ओली भिंत

३ जानेवारी

आज पुन्हा! खिडकी उघडली आणि नाक दाबून मागे सरले. मागच्या गल्लीची भिंत गुडघ्यापर्यंत ओली. तीही नेमकी माझ्या मशीनच्या खिडकीखाली. मेल्यांना अख्ख्या मेक्सिको शहरात दुसरी भिंत मिळत नाही?

आणि हंगाम कुठला, तर जानेवारी. दोन फेब्रुवारीला, कांदेलारियाला, जो तो आपल्या घरचा बाळ येशू नटवून चर्चमध्ये नेणार. त्या बाळांचे झगे शिवणार मी. वर्षाचं अर्धं पोट या एका महिन्यावर. सॅटिनला वास लगेच लागतो. काल एक बाई झगा नाकाशी नेऊन विचारते, "सेन्योरा, कसला हो वास येतोय याला?" म्हटलं, नव्या कापडाचा. तिनं झगा टेबलावर ठेवला आणि निघून गेली.

रुतीलियो म्हणतो, "अगं, शहर आहे. माणसं मुतणारच." नवरा आहे की म्युनिसिपालिटी!

४ जानेवारी

मंडईतल्या संडासाचा ठेका आब्दोनभाऊकडे. दारात खुर्ची टाकून कागदाच्या घड्या करत बसलेला असतो, शेजारी रेडिओ. आज जाऊन सरळ विचारलं, "तुम्ही आठला उघडता, भिंत पाचला भिजते. याचं काय करायचं?"

"पाचला येऊन बसू? मलाही बायको आहे, हर्मीनियाबाई."

"मग रात्री कुलूप लावू नका."

"नव्हतं लावलं एकदा. नळ गेला, आरसा गेला, बसायची सीट गेली! सीट चोरून माणूस काय करतो, सांगा बरं मला."

"मग निदान फुकट तरी करा. सात पेसो वाचवायला लोक माझ्या भिंतीशी येतात."

"फुकट!" असा ओरडला की आतला माणूस घाबरून खोकला. "कागद फुकट, साबण फुकट, पाण्याचा टँकर फुकट! आणि आब्दोन काय, हवा खाऊन जगतो?"

सात पेसो घेतो आणि कागदाच्या चार घड्या हातात ठेवतो. पाचवी मागितली तर असा बघतो, जशी काही जमीनच नावावर करून मागितली. भांडून काही उपयोग झाला नाही. वर मलाच म्हणतो, "तुमच्या घरात आहे ना? मग तुम्हाला कशाला उठाठेव?"

६ जानेवारी

तीन राजांचा सण. दिराकडे सणाचा गोल पाव कापला आणि आत लपवलेली बाहुली निघाली कुणाच्या तुकड्यात? माझ्याच! दात तुटता तुटता वाचला. म्हणजे दोन फेब्रुवारीला सगळ्या खानदानाला तामाले मी घालायचे. सगळे टाळ्या पिटत होते. जाऊबाई तर जरा जास्तच.

माद्रीनाकडेच सांगून टाकले. माद्रीना म्हणजे दोन्या तोमासा, माझी धर्माची आई. बाप्तिस्म्याला हिनंच मला मांडीवर घेतलं होतं. सत्तरी उलटली तरी रोज पहाटे पाचला मंडईच्या कोपऱ्यावर पातेलं मांडून बसते. मक्याच्या पानात उकडलेले तामाले आणि आतोलेची गरम पेज. हमाल, ट्रकवाले, शाळेतल्या बाया, सगळे तिच्याच पेजेवर कामाला लागतात. म्हणाली, "तू फक्त माणसं सांग. हिरव्या मिरचीचे तुझ्यासाठी वेगळे काढीन." पैशाचं बोलायला गेले तर डाव उगारला.

८ जानेवारी

सकाळी तिच्याकडे उभ्या उभ्या पेज पीत होते आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. पुरुषांची सगळी जात उद्धरून झाली. कुत्री बरी म्हटलं, निदान खांब बदलतात!

माद्रीना म्हणाली, "असतात गं एकेकाच्या अडचणी."

"अडचण कसली डोंबलाची? लाज सोडलीय, दुसरं काय!"

तिनं डाव पुसला. मग म्हणाली, "तुझा दिवा पहाटेच लागतो ना गं हल्ली? मला इथून उजेड दिसतो."

"हंगाम आहे ना."

"मग दारही उघडतेस लवकर?"

"छे छे! परवा बटाट्याचा ट्रकवाला आला दारात. 'बाई, तेवढा संडास वापरू द्या.' तोंडावर दार आपटलं मी! एकाला हो म्हटलं की उद्या रांग लागेल. बोट द्यावं तर हात धरतात. आता प्रत्यक्ष देव जरी आला तरी सातच्या आत कडी काढायची नाही, ठरवलंय."

"बरोबर आहे बाई तुझं," म्हणाली. आणि माझ्या पेल्यात आणखी पेज ओतली.

११ जानेवारी

उपाय केला. ग्वादालुपेच्या आईचं, मारियामातेचं, चित्र असलेली फरशी आणली. चांगली मोठी, किरणांसकट. रुतीलियोनं सिमेंटनं भिंतीत बसवली, तिच्यापुढे फुलं ठेवायला छोटा कट्टाही केला. पलीकडच्या गल्लीत कचऱ्याचा ढीग पडायचा, तिथं आईची तसबीर लावल्यापासून एक कागद पडत नाही. आता बघतेच कोण येतो ते. आईसमोर चड्डी सोडायची कुणाची छाती होते!

१२ जानेवारी

कोरडी!!

१३ जानेवारी

कोरडी! तीन झगे पुरे झाले. एक डॉक्टरचा कोट, बाळाच्या गळ्यात स्टेथोस्कोपसुद्धा. लोकांच्या डोक्यातून काय काय निघतं.

१४ जानेवारी

आईपासून दोन हात सोडून. दोन हात! तिच्याकडे पाठ करून, म्हणजे आदर राखला!

रुतीलियो हसून हसून खाली बसला. "श्रद्धा आहे गं लोकांत. जागा सोडली बघ." त्याला जेवायला कालचा भात वाढला.

१५ जानेवारी

दोन हातांवर संत यूदास लावला, दगा देणारा नव्हे, अडल्यानडल्यांचा वाली. त्याच्यापुढे आणखी एक आई. भिंतीवर आता देवांचं संमेलन भरलंय. येणारे जाणारे क्रॉसची खूण करतात. एक म्हातारी मला विचारते, इथं काही चमत्कार झाला का? म्हटलं, अजून नाही, वाट बघतेय.

१७ जानेवारी

याला काय म्हणावं! आज ओल अगदी आईच्या पायाशीच, कोपऱ्यात, बुटक्या भिंतीच्या आडोशाला. आणि कट्ट्यावर फूल! लाल जिरेनियमचं, ताजं, देठाला ओला कापूस गुंडाळलेला. म्हणजे आधी घाण करायची आणि मग फूल वाहून माफी मागायची. आणि उद्या पुन्हा यायचं! करून करून भागले, देवपूजेला लागले!

फूल उचलून फेकायला गेले, पण आईपुढचं फूल कसं फेकायचं? ठेवलं तसंच. त्याचाच जास्त राग आला.

१९ जानेवारी

मंडईची सभा झाली. कांद्याच्या पोत्यांवर बसून सगळे. भाजीवाल्या बायकांनी विषय आणला: संडास पहाटे पाचपासून उघडा, सगळ्यांना फुकट, आब्दोनला महिन्याचा पगार, आणि खर्च मंडईतल्या गाळ्यांनी आणि आजूबाजूच्या दुकानांनी वाटून घ्यायचा.

मी खूश! महिनाभर दुसरं काय ओरडतेय मी? आब्दोन उठला. "फुकट ते कुणाचंच नसतं. चार दिवसांत तिथं डुकरं जाणार नाहीत." एक भाजीवाली उसळली, "भाऊ, तुमचं बाटलीत भागतं, आम्ही काय करायचं?" सगळे हसले. ती नाही हसली. म्हणाली, दोन पोरं झाल्यावर पोट दाबून बसणं काय असतं ते तुमच्या बायकोला विचारा.

मग सेक्रेटरीनं प्रत्येकाच्या वाट्याचा आकडा वाचला. माझं दुकान रस्त्याकडचं, म्हणून मला गाळ्यांच्या दुप्पट! डोक्यात तिडीक गेली. भिंत भिजवायची दुसऱ्यांनी आणि वर्गणी भरायची मी? माझ्या घरात संडास आहे! उठून तसंच बोलले. बाकीच्या दुकानदारांनी माना डोलावल्या.

कुणीतरी मागं बसलेल्या माद्रीनाला विचारलं, "दोन्या तोमासा, तुम्ही तर सगळ्यांच्या आधी येता. तुमचं काय मत?"

ती म्हणाली, "माझं काय? मी पाणीच पीत नाही सकाळचं. सवय आहे."

मी तेच पकडलं. "बघा! सत्तरीची बाई! पहाटेपासून दुपारपर्यंत पातेल्याशी बसते. ही कधी गेली का कुणाच्या भिंतीशी? मनाचा निग्रह लागतो!" टाळ्या पडल्या. माद्रीना खाली मान घालून शालीचे गोंडे नीट करत बसली. स्तुती तिला कधी सोसतच नाही.

मतं घेतली. ठराव पडला.

२० जानेवारी

ओली. फूल.

२२ जानेवारी

अनाथाश्रमाच्या सिस्टर आल्या होत्या. बारा बाळांचे झगे, एकरकमी काम, दर वर्षीचं. खिडकीपाशी उभ्या राहिल्या, श्वास घेतला, आणि हळूच रुमाल काढला. बोलायला गोड! "हर्मीनिया, यंदा आम्ही आश्रमातच शिवून घेऊ म्हणतोय." बारा बाळं हातची गेली. मी उदबत्ती लावली होती, कोपालचा धूप जाळला होता, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. सॅटिननं दगा दिलाच.

सिस्टर गेल्यावर मशीनवर डोकं टेकून रडले. रागानं रडले.

बस झालं आता. भीक नको पण कुत्रं आवर म्हणायची वेळ आली. आणि कुत्रं आवरायला कुणी येत नाही, तर मीच आवरते.

२४ जानेवारी

बेत ठरला. माझी खिडकी खाली, पण तिच्यावरच माडीची खिडकी आहे. तिथं बादली भरून ठेवायची. नुसतं पाणी नाही. लेस रंगवायचा निळा रंग घालायचा, तो रंगाच्या दुकानातला पक्का. लिंबू लावा, साबण लावा, पंधरा दिवस जात नाही. माझीच बोटं बघा! मग दुसऱ्या दिवशी मंडईत ज्याच्या अंगावर निळं, तो चोर. चारचौघांत उभा करीन. फूल वाहतो काय!

रुतीलियोला सांगितलं तर म्हणाला, "थंडी बघ बाहेर. कुणाला न्यूमोनिया व्हायचा."

"होऊ दे!"

"बघ बाई," म्हणाला आणि कुशीवर वळला.

२५ जानेवारी

झोप लागली. जाग आली तोवर भिंत ओली. कर्म माझं.

२७ जानेवारी

जिंकले!!

उशीच्या खोळीत घड्याळ घालून कानाशी ठेवलं होतं. अंधारात खिडकीशी बसले. गल्लीतला दिवा महिनाभर बंदच आहे, डोळ्यात बोट घातलं तरी दिसत नाही. हात गारठले. मग पावलं. हळू, भिंतीला धरून धरून. आईच्या कोपऱ्याशी थांबली. मी श्वास रोखला, आणि दिली बादली उपडी करून!

ओरडला नाही. नुसता एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. मी धाडकन खिडकी लावली. मग एकटीच तोंड दाबून हसत बसले. महिनाभरात पहिल्यांदा हसले!

२८ जानेवारी

मंडईत दोन फेऱ्या मारल्या, सगळ्यांच्या विजारी बघत. लोक काय म्हणत असतील!

गुमारो कसायाच्या बाहीवर निळं दिसलं. झालं! धरला तिथेच. "सापडलास! देवाच्या आईसमोर लाज नाही वाटली?" सगळी मंडई गोळा. गुमारो आधी पांढरा पडला, मग त्यानं गाईची अख्खी तंगडी उचलून माझ्या नाकापुढे धरली. तपासणीचा शिक्का, निळ्या शाईचा. "ही शाई आहे, बाई! शाई! दिवसभर हीच लागते!" आब्दोन खुर्चीवरून पडायच्या बेतात. "हर्मीनियाबाई, गाय पण तुमच्याच भिंतीशी आली होती का?"

घरी येऊन दार लावून घेतलं. पण भिंत मात्र कोरडी.

कोपऱ्यावर माद्रीना दिसली नाही. गर्दीत मीच नीट पाहिलं नसेल.

२९ जानेवारी

भिंत कोरडी. फूल नाही. खिडकी उघडी टाकून शिवलं!

माद्रीना आजही नाही. हमाल पेजेवाचून भुकेले उभे. कुणी म्हणालं सर्दी झालीय.

३१ जानेवारी

भिंत कोरडी, पण माद्रीना नाहीच! उद्याचा दिवस गेला की परवा तामाले, आणि हिचा पत्ता नाही. फोन लागत नाही. निदान निरोप तरी धाडावा माणसानं! कबूल करून बसली, तिच्या भरवशावर मी दुसरीकडे सांगितलं नाही. आता ऐन सणाला कोण देणार? जाऊबाईचा चेहरा आत्ताच डोळ्यांपुढे येतोय. "बाहुली निघाली, तामाले नाही निघाले!" म्हणेल. वर्षभर म्हणत राहील.

ज्याच्यावर विसंबावं तोच ऐन वेळी मान टाकतो.

१ फेब्रुवारी

शेवटचा झगा गेला. दुकान मोकळं. वास नाही, काही नाही, सिस्टरना परत बोलवावं इतकं स्वच्छ.

फक्त माद्रीनाचं बाळ राहिलंय फळीवर. डाव्या हाताचं बोट तुटलेलं, माझ्या आईच्या लग्नाआधीपासूनचं. दर वर्षी डिसेंबरातच आणून ठेवते, दर वर्षी मी हौसेनं शिवते. यंदा मखमल, निळी, कडेला जर. मलाच इतका आवडला झगा की राग जरा उतरला.

उद्या सकाळी स्वतःच जाते तिच्या घरी. बाळ देते, आणि तामाल्यांवरून चांगली खरडपट्टीही काढते.

२ फेब्रुवारी

दाराशी तेलाच्या डब्यांत जिरेनियम. लाल. बघितली आणि पुढे गेले, काही कळलं नाही.

सुनेनं आत नेलं. माद्रीना पडलेली, ताप. डोक्यावरची शाल सरकलेली. पांढरी वेणी निळी. कपाळ, कानामागे, मान, सगळं निळं. सून सांगत होती, घासून घासून कातडं निघायला आलं, जात नाही, आणि कुणी केलं ते काही सांगत नाहीत.

मी हात मागे लपवले. तिनं ते पाहिलं.

"ये गं पोरी," म्हणाली. "तामाले राहिले बघ. माफ कर मला." मग बाळाचा झगा बोटांनी चाचपून बघितला. "छान रंग लावलास."

सून म्हणाली, डॉक्टर सांगून गेलेत, लघवी दाबून दाबून दुखणं मूत्रपिंडापर्यंत गेलंय, भरपूर पाणी प्यायला हवं, तर घोटभरही घेत नाहीत. मी पेला भरला, मानेखाली हात घालून तिच्या ओठांना लावला. तिनं तोंड फिरवलं.

"नको गं. उद्या पहाटे पातेल्याशी बसायचंय. मग जाऊ कुठं?"